अनुबिसला कोंबडा लागत नाही

“ताई, आपल्याकडची भुतं संपली काय, म्हणून आता इजिप्तची मागवायची?” रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या बैठकीत हे वाक्य पडलं आणि सगळे हसले. मीही हसले, वाक्य जमलं होतं. पण त्या हशाबरोबर प्राचीन इजिप्तमधल्या एका भुताच्या प्रेमाची कादंबरी खरेदीच्या यादीतून गळली आणि तिच्या जातीची आणखी काही पुस्तकंही गळली. कारणं मागाहून आली. अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते. वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, तो पैसा असल्या टाइमपासवर घालवायचा नाही. आणि भुताखेतांचंच वाचायचं असेल तर आपल्या मातीतलं वाचा.

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. ही पुस्तकं वाचनालयाने घ्यावीत, दर्शनी कपाटात लावावीत, आणि ती आवडतात हे सांगताना कोणाला ओशाळं व्हायला लागू नये. ज्यांना अंधश्रद्धेची मनापासून काळजी आहे, त्यांनी तर ती आधी घ्यावीत.

कादंबरी मी फोनवर वाचली होती, भर पावसाळ्यात, वीज गेलेली असताना. नायिका एका वस्तुसंग्रहालयात पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे स्वच्छ करून जोडण्याचं काम करते. नायक तीन हजार वर्षांपूर्वीचा पुजारी. काही अपराधापायी त्याचं नाव थडग्याच्या भिंतीवरून खरवडून काढलेलं असतं, त्यामुळे तो ना धड मेलेला, ना जिवंत. त्याच्या नावाची उरलेली अक्षरं जो वाचेल त्यालाच तो दिसणार. ती वाचते. पुढे काय होणार ते पहिल्या पन्नास पानांत कळतं, आणि कळूनही आपण पुढे वाचत राहतो, कारण ते कसं होणार यातच सगळी गंमत असते. लग्नात नवरा-नवरी कोण हे पत्रिकेवर छापलेलं असतं म्हणून कोणी जेवायचं थांबतं का?

नाव खरवडण्याची कल्पना लेखिकेच्या डोक्यातून निघालेली नाही, म्हणून मला ती जास्त आवडली. इजिप्तच्या हत्शेप्सुत राणीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिची नावं आणि प्रतिमा देवळांच्या भिंतींवरून छिन्नीने उडवल्या गेल्या. अखेनातेन राजाच्या वाट्यालाही तेच आलं. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस उरतो, अशी त्या लोकांची समजूत होती. थडग्याजवळून जाणाऱ्या वाटसरूने दोन शब्द तोंडाने म्हणावेत, म्हणजे आत निजलेल्याला भाकर आणि बिअर पोचेल, अशी विनंती भिंतीवर कोरून ठेवत. म्हणायला पैसा लागत नाही, नुसता श्वास लागतो, असंही वर समजावलेलं असे. कादंबरीचा सगळा डोलारा या एका समजुतीवर उभा आहे, आणि तो दोनशे पानं तरी व्यवस्थित टिकतो.

असली गोष्ट लिहायला इजिप्तला कोणा परदेशी लेखिकेची वाट बघावी लागलेली नाही. कैरोच्या संग्रहालयात टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवरच्या ग्रीक राजांच्या, काळातलं डेमोटिक या रोजच्या लिखाणाच्या लिपीतलं एक हस्तलिखित आहे. त्यातली गोष्ट राजपुत्र सेत्नाची. हा सेत्ना म्हणजे दुसऱ्या रामसेस राजाचा मुलगा खएमवासेत. हा खराखुरा माणूस होता, मेंफिसला प्ताह देवाचा मुख्य पुजारी होता, आणि जुन्या राजांच्या पडझड झालेल्या वास्तू दुरुस्त करून त्यांवर कोणाची कोणती ते लिहून ठेवायचा. हजार वर्षांनी लोकांनी त्याला गोष्टीतला नायक केला. गोष्टीत तो थोथ देवाच्या जादूच्या पोथीसाठी एक थडगं फोडतो. आत नानेफरकाप्ताह नावाच्या माणसाचं भूत बसलेलं, शेजारी त्याच्या बायकोचं, अह्वेरेचं, आणि मधे ती पोथी दिव्यासारखी उजळलेली.

अह्वेरे सेत्नाला स्वतःची हकीकत सांगते. ती आणि तिचा नवरा ही एकाच राजाची मुलं (त्या राजघराण्यांची ही रीत, आपण नाक मुरडावं आणि पुढे जावं). त्याच्याशीच लग्न करायचं म्हणून ती बापाशी बोलण्याची खटपट करते. लग्न होतं, मूल होतं. मग नवऱ्याच्या डोक्यात त्या पोथीचं खूळ शिरतं. कोप्तोस गावाजवळ पाण्याच्या तळाशी, पेटीत पेटी, पेटीत पेटी, भोवती साप आणि विंचू, अशी ती ठेवलेली. तो ती मिळवतो. देव चिडतो. मूल नदीत बुडतं, मग ती बुडते, मग पोथी अंगाला बांधून तोही. तिला आणि मुलाला कोप्तोसला पुरतात, त्याला लांब मेंफिसला. तरी तिचं भूत त्याच्या थडग्यात येऊन त्याच्याजवळ बसतं, कारण तिचं शरीर परक्या गावी असलं तरी ती नवऱ्याची आहे. सेत्ना हे सगळं ऐकून घेतो आणि तरीही पोथी पळवतो. मग त्याची जी फजिती होते ती मूळातून वाचावी. तबुबू नावाची एक सुंदर बाई त्याच्याकडून आधी सगळी मालमत्ता लिहून घेते, मग पोटच्या पोरांचा जीव, आणि ऐन क्षणी तो रस्त्यावर उघडावाघडा जागा होतो. पोथी परत करावीच लागते. दंड म्हणून कोप्तोसला जाऊन अह्वेरेचा आणि मुलाचा देह शोधून मेंफिसला आणावा लागतो. ती तिघं एकत्र होतात आणि थडगं बंद होतं.

प्रेम, भूत, शाप, पोथी, थोडा चावटपणा आणि शेवटी मीलन. फोनवर वाचलेल्या कादंबरीत याहून वेगळं काय होतं? ज्या वाङ्मयप्रकाराला बैठकीत ‘परदेशी थिल्लरपणा’ म्हटलं गेलं, तो त्याच देशातल्या लोकांनी, त्यांच्याच भाषेत, स्वतःच्या करमणुकीसाठी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात एक पत्र आहे, त्यात तर कल्पितही नाही. इजिप्तच्या एकोणिसाव्या राजवंशाच्या सुमाराचं, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं, एका विधुराने आपल्या मेलेल्या बायकोला, अंखिरीला लिहिलेलं. तो तक्रार करतो: मी तुझं काय वाईट केलं म्हणून तू मला छळतेस? मोठ्या हुद्द्यावर चढलो तरी तुला टाकलं नाही. आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. गेलीस तेव्हा आठ महिने माणसासारखं खाल्लं-प्यायलं नाही. तीन वर्षं झाली, एकटा राहतोय. घरात बायका आहेत, पण त्यांतल्या एकीकडेही गेलेलो नाही. तुझ्याविरुद्ध मी पश्चिमेच्या, म्हणजे मेलेल्यांच्या देशाच्या, देवांकडे फिर्याद लावीन. या माणसाचं दुःख, भीती, थोडा कांगावा, थोडा हिशेबीपणा, हे सगळं एका पत्रात आहे. बायकोचं भूत मानगुटीवर बसलंय असं वाटणारा हा माणूस तिला घालवायला मांत्रिक बोलवत नाही, तिच्याशी भांडतो. माझ्या मते नवरा-बायकोच्या नात्याबद्दल इतकं खरं फार थोड्या ठिकाणी लिहिलं गेलं आहे.

कोकणातल्या वाचकाला हे समजायला तळटीप लागत नाही. दहाव्याला पिंड मांडून नदीकाठी ताटकळणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कावळा येत नाही. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं, “पोरांकडे आम्ही बघू, काळजी करू नकोस.” इजिप्तच्या लोकांनी आत्म्याचं एक अंग माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्यासारखं रंगवलं. ‘बा’ हे त्याचं नाव. तो दिवसा बाहेर उडतो आणि रात्री देहाकडे परततो. कादंबरीत नायिका संग्रहालयाच्या खिडकीबाहेर हा पक्षी बघते, तिथे माझ्या अंगावर काटा आला. लेखिकेला कावळा माहीत असण्याची शक्यता नाही. मला होता.

आता ‘आपल्या मातीतलं’ या मुद्द्याकडे वळते. आपल्या मातीतलं मी वाचतेच. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची आमच्याकडची पुस्तकं पानं सुटेस्तोवर फिरली आहेत. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातच मुळी ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशी अद्भुतरम्य पुस्तकं आली. तेव्हा हा प्रकार मराठीला उसना वाटावा असं काही नाही. पण कोकणातल्या भुताची एक अडचण आहे, आणि ती बैठकीत कोणी काढली नाही. ते अजून कामावर आहे.

राखणदार, जागेवाला, देवचार, ही नावं आमच्याकडे गोष्टीत येतात तशी सात-बाराच्या भांडणातही येतात. घरात आजारपण आलं, म्हैस आटली, पोराचं लग्न जमेना, की कोणीतरी हळूच म्हणतं, “जागेवाल्याचं राहिलंय.” मग नारळ, मग कोंबडा, मग गाऱ्हाणं. इथवर ठीक, ती श्रद्धा आहे आणि तिच्यात गावाला बांधून ठेवणारं पुष्कळ काही आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. मी ते पाहून हात जोडते. पण याच वाटेने चार पावलं पुढे गेलं की ‘करणी’ येते. अमकीची नजर, तमक्याने घातलेलं लिंबू. त्यातून शेजारीण वाळीत पडते, भावाभावांत बोलणं बंद होतं आणि एखाद्या भगताची मात्र चांगली सोय होते. अशा ठिकाणी भुताची गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही. ऐकणाऱ्यांत कोणीतरी खरोखर घाबरलेलं असतं आणि कोणावर तरी संशय धरलेला असतो.

इजिप्तच्या देवांचं तसं नाही. फिलै बेटावरचं इसिस देवीचं देऊळ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या राज्यात बंद झालं, आणि तो धर्म तिथेच संपला. कोल्ह्याच्या तोंडाच्या अनुबिसला कोंबडा मागणारा भगत लांज्यात नाही, राजापुरातही नाही. थोथचा कोप झाला म्हणून कोणी शेजारणीकडे बोट दाखवत नाही. तिथे आपल्याला भीतीशी नुसतं खेळता येतं, आणि त्या खेळाची झळ गावातल्या कोणाला लागत नाही. म्हणून अंधश्रद्धेचं कारण पुढे करून इजिप्तची भुतं नाकारायची आणि ‘मातीतली’ मागायची, हा युक्तिवाद मला पुरता उलटा वाटतो.

तसं पाहिलं तर हे लोक आपल्याला फार परकेही नाहीत. पहिल्या शतकात इजिप्तहून निघालेल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात कल्याणच्या खालची बंदरं सांगताना पहिलं नाव येतं सेमुल्ला, म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. पलीकडच्या टोकाला इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झालं, तेव्हा भारतीय घाटाच्या एका रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी निघाली, सागवान निघालं, आणि अलीकडे तिथल्या इसिसच्या देवळात चक्क बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. २०२३ मध्ये ही बातमी आली. इसिसच्या अंगणात बुद्ध चालला, आमच्या कपाटात इसिस चालत नाही.

अंधश्रद्धेचा आरोप मात्र गंभीर आहे. तो विनोदाने टोलवू नये. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घालून खून झाला, त्या राज्यात तर नाहीच. म्हणून एक जुनं उदाहरण जरा तपशिलात सांगते. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतनखामेन या फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, थडग्याची पहिली पायरी लागली. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्वन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोमध्ये वारले. डास चावला, दाढी करताना ती जागा कापली गेली, जखम चिघळली, रक्तदोष झाला, वर न्यूमोनिया. प्रतिजैविकं नसलेल्या काळातलं अगदी साधं मरण. पण जगभर पसरलं ते ‘फॅरोच्या शापा’चं. का? थडग्याच्या बातम्यांचे हक्क कार्नार्वननी लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले होते. बाकीच्या वर्तमानपत्रांकडे छापायला आतली बातमी नव्हती, तेव्हा त्यांनी शाप छापला. पुढे २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एकाने हिशेब मांडला. थडगं, पेटी किंवा ममी उघडताना हजर असलेले २५ पाश्चात्त्य लोक सरासरी ७० वर्षांपर्यंत जगले, आणि हजर नसलेल्यांपेक्षा ते लवकर मेले असं म्हणायला आधार सापडला नाही. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगला.

शापाची ही समजूत कादंबरी वाचून पक्की झाली नाही, ती बातमी वाचून झाली. कादंबरी मुखपृष्ठावरच सांगते की मी कादंबरी आहे. बातमी म्हणते, हे घडलं. माझा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे. आज कोकणातल्या मुलांच्या फोनवर ‘कोकणातील सत्य घटना’ म्हणून भुतांचे व्हिडिओ येतात. अमक्या घाटात रात्री बारानंतर पांढऱ्या साडीतली बाई, तमक्या वाड्यात आवाज. खाली शेकडो लोक लिहितात, ‘माझ्या काकांनाही दिसली होती.’ कौटुंबिक गटांवर ते पुढे ढकलले जातात, आणि ढकलणाऱ्यांत कादंबरीला नाक मुरडणारेही असतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखसुद्धा अंगात शक्ती आहे असं भासवून लोकांना भीती घालणाऱ्यांवर, लुबाडणाऱ्यांवर आहे. गोष्ट सांगणाऱ्यावर नाही. ज्यांनी तो कायदा मागितला त्यांना हा भेद नीट कळत होता. आमच्या बैठकीत तो कळला नाही.

मला तर वाटतं, खोटं आहे हे पक्कं ठाऊक असताना चार तास त्यात बुडून जाणं आणि पुस्तक मिटल्यावर उठून कुकर लावणं, ही विवेकाचीच तालीम आहे. मनाला दोन खोल्या आहेत आणि मधलं दार आपल्या हातात आहे, हे अशा वाचनातून कळतं. ज्याला ती सवय नाही, तो व्हिडिओतल्या पांढऱ्या साडीला लवकर बळी पडतो. हे मी आकडे देऊन सिद्ध करू शकत नाही. वाचनालयात येणाऱ्या मुलांकडे बघून बोलते आहे.

भुताइतकाच, किंबहुना जास्त, आक्षेप प्रेमाला होता. तो कोणी उघड बोललं नाही. मोठमोठे ऐतिहासिक ग्रंथ, ज्यांत लढाईचं वर्णन तीस पानं चालतं, ते मंजूर होतात. पोलिसी रहस्यकथा मंजूर होतात. राजकारण्यांची आत्मचरित्रं तर न मागता मंजूर होतात, आणि त्यांतही कल्पित पुष्कळ असतं. बायका आवडीने वाचतात ती प्रेमकथा मात्र ‘वेळ घालवणं’. अहो, वेळ त्यांचा आहे. पाणी, गुरं, सासूसासरे, आंब्याच्या पेट्या आणि बचत गटाचा हिशेब यांतून काढलेला.

आणि या किनाऱ्यावरच्या बाईला वाट पाहणाऱ्या प्रेमाची गोष्ट आवडते याचं नवल कसलं? पिढ्यान्‌पिढ्या इथला पुरुष मुंबईला. गिरणीत, गोदीत, मग कंपनीत, मग आखातात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्याआधीचा प्रवास जुन्या लोकांना विचारा. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी यायचा, चार दिवस घर भरायचं, आणि पुन्हा अंगण मोकळं. संसार झाला तो मनीऑर्डरच्या पावतीवर मागे लिहिलेल्या दोन ओळींवर. तीन हजार वर्षं एका बाईची वाट पाहणारा नायक आमच्या गटातल्या वयस्कर बायकांना सर्वांत आवडला. त्यांतली एक काकी म्हणाल्या, “बरां वाटला गो. आमीच वाट बघायची असा खंय लिवलेला हा?” नायक वाट बघतो, नायिका कामावर जाते. यातली सुधारणा आमच्या ठरावांपेक्षा पुढची आहे.

इथे मला कादंबरीशी भांडणही करायचं आहे. इजिप्तची मूळ प्रेमकथा इसिस आणि ओसायरिसची. भाऊ सेत ओसायरिसला मारतो, त्याच्या देहाचे तुकडे करून विखुरतो. इसिस ते वेचते, जोडते, घारीच्या रूपात पंखांनी वारा घालून त्याच्यात प्राण आणते, होरसची आई होते. पण नवरा तिला परत मिळत नाही. तो मेलेल्यांचा राजा होतो आणि तिकडेच राहतो. आपली सावित्री यमाला शब्दांत पकडते आणि सत्यवानाला घेऊन घरी येते. भूतप्रेमाच्या प्रत्येक कादंबरीला शेवटी या दोघींतली एक निवडावी लागते. माझी कादंबरी साडेतीनशे पानं इसिसची वाट चालते, आणि मग, बहुधा पुढचा भाग काढायचा म्हणून, शेवटच्या दहा पानांत सावित्रीकडे उडी मारते. पुजारी एकदम जिवंत, त्याला आधुनिक कपडे, पासपोर्टसुद्धा. मी पुस्तक आपटणार होते, पण फोन होता.

दुसरे दोषही आहेत. लेखिका पिरॅमिड बांधणाऱ्या राजांना आणि क्लिओपात्राला शेजारी बसवते. खुफू राजाचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सव्वीसाव्या शतकातला आणि क्लिओपात्रा इसवी सनापूर्वी ३० मध्ये वारली. म्हणजे ती पिरॅमिडपेक्षा आपल्या जास्त जवळची. चाबकाखाली राबणारे गुलाम तर हटकून आहेत. गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची वस्ती आणि त्यांची थडगी सापडली आहेत. ते भाकर आणि बिअर यांच्या शिध्यावर काम करणारे लोक होते. राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदीना या वस्तीतल्या कारागिरांनी तर तिसऱ्या रामसेसच्या काळात धान्य थकलं म्हणून चक्क काम बंद पाडलं. त्याच वस्तीतून आलेल्या एका पपायरसवर, तो आज डब्लिनला आहे, प्रेमाच्या कविता आहेत. सात दिवस ती दिसली नाही, अंग जड झालंय, वैद्यांना रोग कळत नाही, ती आली की बरा होईन, असं त्यांतला प्रियकर म्हणतो. संप करणारी आणि अशी कविता जपणारी वस्ती! हे लेखिकेने वापरलं असतं तर कादंबरी कुठल्या कुठे गेली असती. चाबूक सोपा पडला.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ममी म्हणजे कोणाचा तरी देह. २०१२-१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ममीचं प्रदर्शन आलं होतं, तेव्हा माणसं लोटली होती. त्या काचेपलीकडे कोणाची तरी अंखिरी असू शकते, हा विचार त्या गर्दीत किती जणांना शिवला असेल? एकोणिसाव्या शतकात युरोपात दिवाणखान्यात पाहुणे जमवून ममी उलगडण्याचे कार्यक्रम होत. या कादंबऱ्यांचा पूर्वज तिथेही आहे, आणि ते विसरून चालणार नाही. रत्नागिरीकरांनी तर नाहीच. आपल्याकडे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून कैदेत राहिला, १९१६ मध्ये वारला, त्याचं थडगं इथेच आहे. त्याची थोरली मुलगी इथल्याच एका मराठी नोकराच्या प्रेमात पडली, इथेच राहिली. आपल्याला ती रम्य कथा वाटते, पर्यटकांना आपण ती तशी सांगतो. पण डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या थडग्याशी वंदन करायला आले, तेव्हा आपल्यासाठी जे प्रेक्षणीय ते दुसऱ्याचा पूर्वज, हे शहराला उघड दिसलं. इजिप्तची माणसंही अजून आहेत, आणि ती स्वतःच्या भूतकाळावर स्वतः लिहितात. १९८८ चं नोबेल मिळवणाऱ्या नगीब महफूज यांच्या पहिल्या तिन्ही कादंबऱ्या फॅरोंच्या काळातल्या आहेत. म्हणून माझी मागणी परदेशी कादंबरीपुरती नाही. तिच्या शेजारी महफूज हवेत, आणि मुलांना कळेल असं इजिप्तच्या इतिहासाचं एक बरं पुस्तक हवं. कादंबरी वाचलेली पोरगी ते आपणहून उघडेल. उलट क्रमाने मी अजून कोणाला जाताना पाहिलेलं नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. आमच्या जिल्ह्यात त्याच्याही आधीची मोठी परंपरा आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. या संस्था गावाला शहाणं करायला निघाल्या हे खरं, पण ‘सार्वजनिक’ या शब्दात वर्गणी भरणारी बाईही येते. अ, ब, क, ड यांतला कुठलाही वर्ग मिळवायला दप्तरात सभासद दाखवावे लागतात, आणि ते टिकतात त्यांना हवी ती पुस्तकं मिळाली तर. ललित पुस्तकांच्या रकमेतला एक भाग सभासदांनी वहीत लिहिलेल्या मागणीप्रमाणेच खर्च करावा, आणि त्या भागावर कार्यकारिणीने आवडनिवड चालवू नये, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

आणि सेत्नाची गोष्ट कोणीतरी मराठीत नीट आणावी. डेमोटिक जाणणारा मराठी माणूस मिळाला तर उत्तम, नाहीतर इंग्रजीवरून चालेल. टीपा थोड्या ठेवा. तबुबूचा प्रसंग गाळायचा नाही.